बसलेल्या बैलाचं गाव

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आजवर कुणी ठेवलेला नाही. खेर्सोनचा एक वकील ही गोष्ट अर्धी ऐकून टोपी घालून चालता झाला. इथल्या पाद्रीबाबांना ती पापाच्या कबुलीत ऐकवली, तर त्यांनी खोटं बोलण्याबद्दल चाळीस दंडवत घालायला लावले, आणि मग बाहेर येऊन, गोष्ट खोटी असती तर जी विहीर इथे असायलाच नको, त्याच विहिरीवर आपल्या घोड्याला पाणी पाजलं. लोकांचं हे असं असतं. पाणी पितात, विहिरीवर मात्र विश्वास ठेवत नाहीत.

तर वेर्बोवा गावात लावरीन नावाचा एक चुमाक होता. चुमाक म्हणजे मिठाचा गाडेवान. वसंतात गवत वर आलं की बैल जुंपायचे, गव्हाची पोती घेऊन दक्षिणेला समुद्राकाठच्या मिठागरांवर जायचं, गहू उतरवून मीठ भरायचं आणि पोक्रोवाच्या सणाच्या आत, पहिलं दव गोठण्यापूर्वी, घरी यायचं. एकट्यादुकट्याने नाही, तीस-चाळीस गाड्यांचा तांडा करून. वेर्बोवापाशी नदीला उतार होता, त्यामुळे वरच्या मुलखातले झाडून सगळे तांडे तिथूनच जायचे आणि अख्खं गाव त्या वाटेवर जगायचं. बायका पाव भाजायच्या, म्हातारे आखाला वंगण विकायचे, आणि लग्नं ठरायची तीसुद्धा तांड्याचे बैल पाणी पिऊन निघेपर्यंतच्या वेळात. शेती होती, पण आपली नावाला.

लावरीन धंद्यात नवा होता. गाडा एक, बैल दोन. त्यातला मुरुग बाजारातून घेतलेला. दुसऱ्याचं नाव सोकील, म्हणजे बहिरी ससाणा. नाव ठेवलं तेव्हा तो वासरू होता, आणि वासराकडून माणसं काहीही अपेक्षा करतात. हा सोकील खरं तर लावरीनचा नव्हेच. त्याची बायको किलिना हिने तो माहेराहून आणलेला. गाय मेली तेव्हा तिने त्याला दुधात बोट बुडवून चाटवत वाढवलेलं. तांडा निघायच्या दिवशी ती सोकीलच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली.

"ऐक. मीठ कमी आलं तरी चालेल."

"बरं."

"तुला उशीर झाला तरी चालेल. पोक्रोवापर्यंत."

"बरं."

"पण सोकीलला सोडून एकटा आलास, तर हे दार आत्ताच नीट बघून घे. पुन्हा उघडं दिसायचं नाही."

लावरीनने दार बघून घेतलं. बायकोच्या बोलण्यात थट्टा कुठे संपते हे त्याला लग्नानंतर तीन वर्षांनीही उमगलेलं नव्हतं, आणि अशा माणसाने जपून असलेलं बरं.

जाताना काही झालं नाही. परतीच्या वाटेवर, मीठ भरून निघाल्याच्या नवव्या दिवशी, तांडा दुपारच्या विसाव्याला थांबला. चारी बाजूंना माळ. झाड नाही, झुडूप नाही, टाकलेली नजर परत यायला संध्याकाळ व्हावी एवढा माळ. बैल सोडले, कुलिश म्हणजे भरड धान्याची घट्ट पेज शिजली, ती ओरपून माणसं गाड्यांखालच्या सावलीत आडवी झाली. मग नाईकाच्या पहिल्या गाड्यावर पिंजऱ्यात बसलेला कोंबडा आरवला. कोंबडा आरवला की तांडा उठतो, ही चुमाकांची रीत. घड्याळ कुणाच्या बापाने पाहिलंय. एकोणऐंशी बैल उठले. ऐंशीवा बसून राहिला.

तांड्याचा नाईक होता पार्खोम. बारा वर्षं त्याने एकही गाडा मागे टाकलेला नव्हता. तो येऊन सोकीलपुढे उभा राहिला.

"शेपूट पिळ त्याचं."

"पिळलं, नाईक."

"पराणी लाव."

"लावली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच मागे सरलो."

पार्खोमने बैलाचे खूर पाहिले, जीभ पाहिली, पोटाला कान लावला. बैल ठणठणीत होता. निवांत रवंथ करत होता, आणि समोर कुणीतरी गंमतजंमत चालवली आहे अशा नजरेने माणसांकडे बघत होता. कोंबडा आणखी दोनदा आरवून घोगरा झाला.

"असं करू," पार्खोम म्हणाला, "तुझं मीठ वाटून घेऊ, गाड्यामागे थोडं थोडं. मुरुगला माझ्या गाड्यामागे बांध. आणि हा इथेच कापू. रात्री कुलिशात मांस पडेल, पोरं खूश होतील."

"तो किलिनाचा आहे."

"मग?"

"मग काय, नाईक? तिला तुम्ही सांगाल?"

पार्खोमने आयुष्यात लांडगे पाहिले होते, पटकी पाहिली होती, आणि किलिनालाही पाहिलं होतं. त्याने मिशी चावली. मग म्हणाला, "एक रात्र थांबू." एक रात्र थांबले, दुसरी थांबले. तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस गाडे हलले आणि मिठाने भरलेला एक गाडा, दोन बैल आणि लावरीन मागे राहिले.

"तिला काय सांगू?" जाता जाता पार्खोमने विचारलं.

"सांगा, सोकील बसलाय. उठला की येतो."

आता कुणी म्हणेल, बैल आज नाही उद्या उठेल. लावरीनलाही तसंच वाटलं होतं. पण आठवडा गेला आणि दुसरीच गोष्ट सुरू झाली. घराची जागा कशी निवडायची हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: गुरं मोकळी सोडावीत, ती आपणहून जिथे बसतील तिथे पाया घालावा. त्यामुळे माळावरून जो जो जायचा तो लांबून बसलेला बैल बघायचा, शेजारी उभा गाडा बघायचा आणि वाट वाकडी करून जवळ यायचा.

"घर बांधतोयस वाटतं?"

"नाही हो काका. बैल बसलाय."

"तेच म्हणतोय मी. जागा नामी निवडली त्याने."

"निवडली नाही, नुसता बसलाय!"

"अरे, मग आणखी निवडायचं कसं असतं?"

अशा माणसाशी काय वाद घालणार? लावरीन गप्प बसायचा, आणि त्याचं गप्प बसणं म्हणजे बेत लपवणं, असं समजून माणूस पुढच्या वस्तीवर जाऊन सांगायचा की माळावर एकाला अशी जागा सापडली आहे की त्याचा बैल उठायलाच तयार नाही.

पहिला आला तो तोदोर, मोल्दाव्हियाकडचा मेंढपाळ. तो आला असं म्हणणं चुकीचं आहे, त्याच्या सहाशे मेंढ्या आल्या. त्यांना दोन कोसांवरून मिठाचा वास लागला होता. तोदोर धापा टाकत पोचला तेव्हा त्या गाड्याची चाकं चाटत होत्या. त्याच्याकडे मीठ संपलेलं, आणि मीठ नसेल तर मेंढीच्या दुधाचं चीज चार दिवसांत नासतं. त्याने लावरीनला चीज दिलं, लावरीनने त्याला मीठ दिलं, आणि दोघांनाही मनातून वाटलं की समोरचा भोळा आहे. व्यापार टिकतो तो असाच.

दक्षिणेकडून येणाऱ्या पुढच्या तांड्याने ते चीज चाखलं. दीड महिना कुलिश खाल्लेल्या माणसाच्या तोंडात ताज्या खाऱ्या चीजचा तुकडा पडला की तो वाटेचा विचार वेगळ्या तऱ्हेने करू लागतो. त्या तांड्याने पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. वाट तिथून अर्ध्या कोसावर होती. महिन्याभरात ती त्या बाजूला जरा झुकली, कान द्यायला माणूस झुकतो तशी.

थंडी आली तेव्हा लावरीन आणि तोदोर यांनी मिळून सोकीलवर छप्पर घातलं. चार खांब, वर वेताच्या काड्या आणि गवत. आज गावात देऊळ आहे, शाळा आहे, पण पहिली इमारत बैलाची. काही चौकस लोक इथे विचारतात की बैल दोन वर्षं एका जागी बसला तर बाकीच्या गोष्टींचं काय. त्यासाठी एक फावडं होतं आणि लावरीन होता. अधिक खोलात जाऊ नये.

बर्फ वितळलं आणि दक्षिणेला जाणाऱ्या पहिल्या तांड्याबरोबर किलिनाचं उत्तर आलं. फडक्यात लसूण लावलेले सहा पाव, दगडासारखे झालेले, आणि निरोप. निरोप आणणारा गाडेवान लाजत म्हणाला, "तिने जसा सांगितला तसाच सांगतो, रागावू नकोस. ती म्हणाली, बैल बसलाय की तू?"

लावरीन रागावला नाही. त्याने पाव पाण्यात भिजवून खाल्ले आणि परतणाऱ्या तांड्याबरोबर चीजचा गोळा धाडला. बैलच बसलाय, म्हणावं. त्यावर उन्हाळ्यात उत्तर आलं की चीज खारट आहे. दार पोक्रोवाला लावायचं ठरलं होतं, पण कडी मोडली म्हणून अजून लावलेलं नाही. दुरुस्त झाली की लावीन. हा निरोप लावरीनने गाडेवानाकडून तीन वेळा म्हणवून घेतला.

त्याच उन्हाळ्यात स्विरीद आला. स्विरीद विहिरी खणायचा. त्याने बैलाभोवती तीन फेऱ्या मारल्या, जमिनीला नाक लावलं आणि जाहीर केलं, "पाणी बरोबर याच्या पोटाखाली आहे."

"पोटाखाली खणता यायचं नाही."

"दिसतंय मला. शेपटापाशी खणू."

अकरा पुरुष खोल गेल्यावर पाणी लागलं, आणि असं गोड की तोदोर एवढा निबर माणूस, पण टोपी काढून उभा राहिला. त्या माळावर तेव्हा दोन दिवसांच्या वाटेत गोडं पाणी नव्हतं, होती ती मचूळ पाण्याची डबकी. मुरुग रहाट ओढू लागला. विहीर झाल्यावर मग कुणाला बोलवावं लागलं नाही. एका गाड्याचा आख विहिरीपाशीच मोडला. तो बसवायला लांबच्या जर्मन वस्तीतला सुतार आला, त्याचं काम संपेना कारण गाडे संपेनात, म्हणून त्याने बायको आणली. बायकोला कोबी लावायचा होता, म्हणून कुंपण आलं. कुंपण आलं म्हणून कुंपणावरून भांडण आलं, आणि भांडण मिटवायला कुणीतरी हवं म्हणून गावाला पाटील आला. हे सगळं सोकील छपराखाली बसून बघत होता. एवढी माणसं, पाच-सहा बोली, तीन तऱ्हांनी क्रूसाची खूण करणारी आणि एक तर न करणारीच, आणि सगळ्यांना एकमेकांचा एकच शब्द कळायचा: मीठ.

दुसरा पोक्रोवा गेला. निरोप आला नाही. हिवाळा संपला, गवत वर आलं, दक्षिणेला जाणारे तांडे येऊ लागले, पण त्यांच्यापैकी कुणी लावरीनला हाक मारून फडकं पुढे केलं नाही. शेवटी पार्खोम नाईक आला. त्याचा कोंबडा नवा होता, मिशी पांढरी झाली होती.

"नाईक, वेर्बोवाहून काही निरोप?"

पार्खोम बैलांना पाणी दाखवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "वेर्बोवाहून आता आम्ही येत नाही रे."

"म्हणजे?"

"इथे पाणी आहे ना. मग वरच्या मुलखातून सरळ खाली येतो, खडकाळ उतारावर नदी ओलांडून. पूर्वी पाण्यासाठी वळसा घालून वेर्बोवाला जावं लागायचं. आता दोन दिवस वाचतात. सगळेच तसे येतात." मग त्याला वाटलं की काहीतरी चांगलं बोलावं. "तुझ्या बैलाचे उपकार, बघ. मुलखाचे दोन दिवस वाचवले त्याने."

लावरीन तिथेच विहिरीच्या काठावर बसला. मुलखाचे दोन दिवस वाचले होते आणि त्याच्या बायकोच्या दारावरून जाणारी वाट पुसली गेली होती. आणि ती पुसली होती त्याच्याच मिठाने.

पुढच्याच आठवड्यात एक ओळखीचा आवाज विहिरीवर भांडू लागला. हाप्का! वेर्बोवाची हाप्का, त्यांच्या कुंपणापलीकडची, पाव विकणारी. भट्टीच्या विटांसकट आली होती.

"हाप्का मावशी, तुम्ही इथे?"

"मग कुठे? वेर्बोवात पाव कुणाला विकू, कावळ्यांना? अरे, तिथे आता कोंबडा आरवतो तोही स्वतःसाठीच. वंगणवाले गेले, लोहार गेला. पाद्री गेला तेव्हा म्हटलं, आता देवही नाही, आपण तरी कशाला?"

"आणि किलिना?"

हाप्काने तोंडातली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. "ती? मी म्हटलं, चल. तर म्हणते, सोकील उठला की लावरीन येणार. मी गेले आणि तो आला तर? मी म्हटलं, बये, तुझा नवरा बैलापेक्षा हट्टी आहे. तर म्हणते, नाही, बैलापेक्षा कुणीच नाही, म्हणून तर तो अडकलाय. आता बोल, काय बोलणार?"

त्या दिवसापासून लावरीनने सोकीलला उठवायचा विडा उचलला. ढोल आणला, वाजवला. ओल्या गवताचा धूर केला. बैलाच्या नाकापासून चाळीस पावलांपर्यंत मिठाची रेघ ओढली. सोकीलने मान लांब करून पोचेल तेवढी चाटली आणि डोळे मिटले. हे चाललं असताना लावरीनच्या लक्षात आलं की बैल रोज जाडच होत चाललाय. एका सकाळी त्याने स्विरीदला रंगेहाथ पकडलं. सोकीलच्या तोंडापुढे अख्खं कलिंगड.

"हे काय, स्विरीदकाका?"

स्विरीद ओशाळला नाही. "खाऊ दे. पोट भरलेला बैल उठत नाही."

"मला तो उठायला हवाय!"

"आणि आम्हाला बसलेला हवाय. अरे, या जागेचं नशीब त्याच्या पोटाखाली आहे. तो उठला तर उद्या विहीर आटेल, तांडे दुसरीकडे वळतील. वेर्बोवाचं काय झालं ते तू ऐकलंस ना?"

"वेर्बोवाचंच ऐकलं म्हणून जायचंय मला."

"मग जा की. तुला कोण अडवतंय? बैल राहू दे."

तेव्हा लावरीनला कळलं की दोन वर्षं तो समजत होता तसं नव्हतं. गावाला तो नको होता, बैल हवा होता. पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, कारण किलिनाचंही तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो निघाला. एकटा. सोकीलशिवाय गेलो तर ती दार उघडणार नाही, तो मनाशी म्हणाला. न उघडो. दाराबाहेर बसेन. बैलाला जमतं, मग मला का जमू नये?

जुन्या वाटेने तो कधीकाळी डोळे मिटून गेला असता. आता वाट शोधावी लागत होती. शंभर वर्षं हजारो चाकांनी दाबून दगड केलेली माती, आणि वर्षभरात तिच्यावर गुडघाभर गवत. वाटेला मालक नसतो. जो चालतो त्याची ती, आणि कुणी चाललं नाही तर ती गवताची. तिसऱ्या दिवशी तो एका चढावर उभा राहून दिशा शोधत असताना समोरच्या गवतात काहीतरी हललं. आधी फक्त एक कोंबडी दिसली, मग कोंबडी बसली होती ती काथवट, मग काथवट होती ती हातगाडी. दोन दांड्यांच्या मध्ये डोक्याला रुमाल बांधलेली बाई, वाकून ओढत होती.

तिने मान वर केली. त्याला पाहिलं. आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही.

"कुठे निघालास?"

"घरी."

"सोकील?"

"बसलाय."

"अजून?"

"अजून."

ती दांडीवर टेकली. "मग तू कसा उठलास?"

 लावरीन तिची हातगाडी बघत होता. काथवट, रुमालात गुंडाळलेली देवाची तसबीर, दोन उशा, एक फावडं. घर म्हणतात ते एवढंच असतं, बाकीच्या भिंती. "तुझा निरोप येईना," तो म्हणाला.

"आणणार कोण? शेवटचा गाडा गेला त्याला वर्ष होईल." मग ती असं बोलली की जणू बाजारातली एखादी बारीकशी गोष्ट सांगते आहे. "परवा बिटाच्या साराचा बोर्श्च केला. मिठाच्या मडक्यात हात घातला तर रिकामं. शेजारी मागायला गेले तर शेजारीच कुणी नाही. मग चमचा खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा मीठ आणायला गेला होता, लावरीन."

"ती वाट मीच वळवली, किलिना. मुद्दाम नाही."

"मुद्दाम तू आयुष्यात काही केलेलं नाहीस. बैलाने वळवली. सरक, दांडी धर."

तीन दिवसांनी ती दोघं विहिरीपाशी पोचली तेव्हा सगळं गाव गोळा झालं होतं. हाप्काने लांबूनच बघून बोंब ठोकली होती की बैलाची मालकीण येतेय. स्विरीद कलिंगड घेऊन बैलापुढे आडवा उभा होता. किलिनाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बाजूला झाला. ती छपराखाली गेली. हाक मारली नाही, शेपूट पिळलं नाही. ओढून ओढून घामेजलेला हात तिने पुढे केला, आणि सोकीलने तो हुंगला, चाटला, आणि उठला. दोन वर्षं, एक महिना आणि अकरा दिवसांनी. काल बसल्यासारखा उठला.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पोटाखाली काय निघतं म्हणून सगळे वाकून बघू लागले. काही नव्हतं. पिवळं गवत आणि एक बेडूक. स्विरीद धावत विहिरीकडे गेला, दोर सोडला, आणि बादली वर आली ती भरलेली. पाणी तेच. दुपारी एक तांडा आला. नाईकाने पाणी कसं आहे विचारलं, पाव ताजा आहे का विचारलं, आख बसवून किती वेळात मिळेल विचारलं. बैल बसलाय का, हे त्याने विचारलंच नाही. तेव्हा हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं की गावाला बैलाची गरज केव्हाच संपली होती, आणि आपण उगाच कलिंगडं वाया घालवली.

किलिना मात्र जू घेऊन आली. "जुंप," ती लावरीनला म्हणाली, "सोकील उठलाय. ठरलं होतं तसं घरी जाऊ."

लावरीनने जू हातात घेतलं. घरी म्हणजे कुठे? जिथे पाव घ्यायला कुणी नाही, मीठ मागायला शेजार नाही, जिथपर्यंत वाटच उरली नाही, तिथे? आणि हे तिला सांगायचं कुणी, ज्याच्यामुळे ते झालं त्याने? तो जू धरून उभा राहिला. न सांगताही तिला ते कळलं असावं, कारण तिने त्याच्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे, हाप्काच्या भट्टीकडे, रांगेने उभ्या गाड्यांकडे. आणि मग ती हसली, मोकळेपणी हसली, म्हणाली, "बरं आहे की हे गाव! इथेच राहू." काथवट उतरवली आणि संध्याकाळी पीठ मळायला बसली. आणि त्या दिवसापासून आजतागायत, चाळीस वर्षं, तिने कधी वेर्बोवाचं नाव काढलं नाही की एकदाही उत्तरेकडे मान वळवून पाहिलं नाही...

"खोटं!"

गोष्ट ऐकायला जमलेल्यांच्या मागे, विहिरीच्या कट्ट्यावर, एक म्हातारी मांडीवर रुमाल पसरून सूर्यफुलाच्या बिया निवडत बसली होती. तिने रुमालाची चार टोकं गोळा केली आणि उठून गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याकडे वळली.

"बैल दोन वर्षं बसला, ते खरं. अकरा पुरुष खोल पाणी, तेही खरं. मी सांगते, खरं आहे, कुणाला पटो न पटो. पण मी वळून पाहिलं नाही, लावरीन? मी रोज पाहते. आज सकाळीही पाहून आले."